एचपी, टॉर्क आणि काम: ट्रॅक्टर, पंप आणि गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात इंजिनाशी संबंध नाही असं घर सापडणं कठीण. नदीवर मोटर, दारात ट्रॅक्टर नाहीतर दुचाकी, आणि घरातलं कुणीतरी उद्यमबागेच्या कारखान्यात कामाला. तरी शोरूममध्ये एचपी (हॉर्सपॉवर) सांगतात, गॅरेजमध्ये टॉर्क सांगतात आणि ऐकणारा दोन्हीला मान हलवून घरी येतो. खाली नेहमी येणारे प्रश्न घेतले आहेत. हिशोब जमेल तिथे किलो आणि मीटरमध्येच मांडलाय, म्हणजे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पडताळता येईल.

काम म्हणजे नेमकं काय? दिवसभर ओझं धरून उभा राहिलो ते काम नव्हे?

पगार मिळेल, पण भौतिकशास्त्राच्या वहीत शून्य. तिथे काम म्हणजे जोर गुणिले त्या जोराच्या दिशेने सरकलेलं अंतर. पन्नास किलोचं पोतं तीन मीटर वर माडीवर नेलं की १५० किलो-मीटर काम झालं (किलो गुणिले मीटर, रस्त्याचं किलोमीटर नव्हे). पोतं खांद्यावर घेऊन तासभर जिन्याखाली उभं राहिलात तर घाम येईल, काम होणार नाही.

जुन्या माणसांनी मोट बघितली आहे. समजा मोटेत १५० लिटर पाणी, म्हणजे १५० किलो, आणि विहीर दहा मीटर खोल. बैलं धावेवरून खाली गेली, मोट वर आली, थारोळ्यात पाणी ओतलं. एका खेपेला १५०० किलो-मीटर काम. बैलं पळत गेली काय नि रमतगमत गेली काय, कामाचा आकडा तोच. वेळ कामाच्या व्याख्येत येतच नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मग एचपी कशाला म्हणतात?

तेच काम किती वेळात केलं, ते. एक एचपी म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याचा वेग. वरची मोट ३० सेकंदांत वर आली तर सेकंदाला ५० किलो-मीटर, म्हणजे ७५ ने भागून साधारण ०.६७ एचपी. चांगली जोडी, पण एचपी एकालाही पुरा नाही.

हे माप जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या शेवटी रूढ केलं. त्याला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकाच्या दारात घोडे होते, तेव्हा गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत आकडा हवा होता. गोल फिरून चक्र ओढणाऱ्या घोड्याचा हिशोब करून त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड ठरवले. दिवसभर राबणाऱ्या साध्या घोड्याला एवढं झेपत नाही, आणि उलट थोड्या सेकंदांसाठी जीव लावला तर तोच घोडा याच्या दसपट दाखवू शकतो. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच हा विक्रीचा आकडा आहे. आजही पत्रकावर एचपी मोठ्या टायपात का छापतात, ते यावरून समजून घ्या.

आणि टॉर्क?

फिरवण्याचा जोर. जोर गुणिले आसापासूनचं अंतर.

ट्रॉलीच्या चाकाचा गंजलेला नट डोळ्यांपुढे आणा. पाना लावला, नट हलेना. पान्यात मीटरभर पाइप घातला आणि साठ किलोचा पोरगा त्या पाइपच्या टोकावर उभा राहिला. नटावर ६० किलो-मीटर टॉर्क पडला, म्हणजे ९.८१ ने गुणून सुमारे ५८९ न्यूटन मीटर, पत्रकावर टॉर्क याच मापात असतो. आता शेजारी उभ्या असलेल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचं इंजिन २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांना, किती टॉर्क देतं? साधारण १५८ न्यूटन मीटर. पोराचा टॉर्क ट्रॅक्टरच्या पावणेचारपट झाला की हो!

पण नट जाग्यावरच आहे. अंतर शून्य म्हणून काम शून्य, आणि काम शून्य म्हणून एचपी शून्य. पुढे नट करकरत पाव फेरी फिरला, तेवढ्या क्षणापुरतं थोडं काम झालं. "टॉर्क जास्त म्हणजे ताकद जास्त" असं कोणी म्हणालं की मला हा पाइपवरचा पोरगा आठवतो.

या दोघांचं नातं एका ओळीत सांगा.

एचपी = टॉर्क × आरपीएम ÷ ७०२४. यात टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्यायचा. किलोवॅट हवे असतील तर ७०२४ च्या जागी ९५४९ घाला.

७०२४ आकाशातून पडलेलं नाही. आपल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरवरच बघा. १५८ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे १६.१ किलो-मीटर टॉर्क. एका फेरीत तो जोर वर्तुळभर फिरतो, म्हणून त्याला ६.२८ ने गुणा. फेरीला १०१ किलो-मीटर काम आलं. २००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३.३ फेऱ्या. गुणाकार ३३७० च्या आसपास, त्याला ७५ ने भागलं की ४५. काम, टॉर्क आणि एचपी तिन्ही या एका हिशोबात आले. सूत्र विसरलात तरी चालेल, ही वाट लक्षात ठेवा.

यातून आणखी एक कळतं. एचपी स्वतंत्रपणे मोजता येत नाही. मोजतात टॉर्क आणि फेऱ्या, एचपी त्यांच्या गुणाकारातून निघतं.

मग घेताना काय बघायचं, टॉर्क की एचपी?

माझं मत सरळ आहे: आधी एचपी, आणि लगेच "किती आरपीएमला?" हा दुसरा प्रश्न. टॉर्क गिअर लावून हवा तेवढा वाढवता येतो. एचपी कुठल्याच गिअरने वाढत नाही, घर्षणात थोडं जातंच.

इंजिनापासून चाकापर्यंत वेग दोनशेपट कमी केला तर टॉर्क दोनशेपट होतो. १५८ चे ३१,६०० न्यूटन मीटर होतात. चाक मात्र मिनिटाला दहाच फेऱ्या मारतं. ३१,६०० ला दहाने गुणा आणि ७०२४ ने भागा, पुन्हा ४५ च येतात. गिअरबॉक्स फुकट काही देत नाही. वेग घेतो आणि जोर देतो, एवढाच त्याचा व्यवहार.

म्हणून ठरावीक ओझं ठरावीक वेगाने चढवायचं असेल तर लागणारं एचपी ठरलेलं. वीस टनांचा भरलेला ट्रक शंभर मीटर उंच चढवायचा आहे. काम वीस लाख किलो-मीटर. पाच मिनिटांत चढायचं तर ८९ एचपी, दहा मिनिटांत चालत असेल तर ४४.५. हे नुसत्या उंचीचं झालं, टायर आणि हवेचा विरोध वेगळा. तवंदी घाटात काही ट्रक मुंगीच्या पावलाने चढतात आणि काही त्यांना ओलांडून जातात. वजन सारखं असेल तर दोघांनीही काम सारखंच केलं, एचपी वेगळं लावलं.

तसं असेल तर बुलेटला ओढ जास्त का वाटते? केटीएम ड्यूकचं एचपी तर जास्त आहे.

नव्या ३५० सीसी बुलेटचं एचपी सुमारे २०, ते ६१०० आरपीएमला. टॉर्क २७ न्यूटन मीटर, तो ४००० ला. २०० सीसीच्या ड्यूकचं एचपी २५, पण त्यासाठी इंजिन १०,००० पर्यंत किंचाळावं लागतं. टॉर्क १९ च्या आसपास, तोही ८००० ला.

सूत्रात घाला: ४००० आरपीएमला बुलेट १५ एचपीच्या वर देते. चोर्ला घाटात मागे माणूस बसलाय, वळण आलं, वेग पडला, तरी बुलेटवाला गिअर न बदलता मूठ पिळतो आणि गाडी उचलते. ड्यूकवाल्याला तिथे दोन गिअर खाली यावं लागतं. आला, की ८००० आरपीएमला त्याच्याकडे २१-२२ एचपी असतात आणि गाडी बुलेटपेक्षा हलकी. तो पुढे जाईल. आपण ज्याला "ओढ" म्हणतो ती बऱ्याचदा गिअर न बदलता मिळणारं एचपी असते. आरामाची गोष्ट आहे आणि आरामाला किंमत आहेच, पण शर्यतीचा निकाल त्यावर लागत नाही.

उसाच्या दोन ट्रॉल्या लावल्या की चढावर ट्रॅक्टर मरतो. इंजिन कमजोर झालंय का?

हंगामात हा प्रश्न रोज येतो. इंजिन उघडायच्या आधी हिशोब करा.

ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून १५ टन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर टायरांचा विरोध अंदाजे ४०० किलोचा. ताशी १५ किलोमीटरला सेकंदाला ४.१७ मीटर, म्हणजे ४०० × ४.१७ ÷ ७५ = सुमारे २२ एचपी. आरामात निभतं. आता वीस मीटरला एक मीटर असा चढ आला. वजनाचा विसावा भाग, म्हणजे ७५० किलो, मागे ओढायला लागला. एकूण ११५० किलो. चाकापर्यंत पोचणारं एचपी ३३ धरलं तर वेग सेकंदाला २.१५ मीटर, ताशी पावणेआठ किलोमीटर.

इंजिन नवंकोरं असलं तरी हाच वेग. वरच्या गिअरमध्येच रेटत राहिलात तर आरपीएम पडतं, आरपीएम पडलं की एचपी पडतं आणि शेवटी इंजिन बंद. चढाच्या पायथ्याशीच गिअर खाली टाका. अर्ध्या चढावर, थांबलेल्या ट्रॉल्यांसकट गिअर शोधणं जीवावर बेततं.

एवढं करूनही पूर्वी निघायचा तो चढ त्याच ओझ्याने, त्याच गिअरमध्ये निघत नसेल, तर मग एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंजेक्टर, या क्रमाने बघा. स्वस्त गोष्ट आधी.

पुढची चाकं उचलतात, ते जास्त टॉर्कमुळे का?

टॉर्कमुळेच, पण कुठल्या टॉर्कमुळे ते बघा. वर दोनशेपटीचा हिशोब केला, तो पहिल्या गिअरचा धरला तर मागच्या धुरीवर (अ‍ॅक्सलवर) ३१,६०० न्यूटन मीटर येतात. चाकाची त्रिज्या ०.७ मीटर धरली तर जमिनीशी ४,६०० किलोचा जोर. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या टायरांना एवढी पकड कुठून येणार? चाक घसरतं. आणि चाक चिखलात रुतून अडकलं असेल, तर धुरी चाकाला फिरवू शकत नाही, मग ती ट्रॅक्टरच्या अंगालाच उलट फिरवते आणि तोंड वर येतं.

क्लच झटक्यात सोडला की आणखी वाईट. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकात, साठलेली शक्ती एका दणक्यात बाहेर पडते आणि क्षणभर इंजिनाच्या स्वतःच्या टॉर्कहून जास्त टॉर्क गिअरबॉक्समध्ये जातो. ओढायची साखळी धुरीपेक्षा उंच बांधलेली असेल तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि चालकाला उडी मारायला वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या हुकालाच. पुढे वजनं लावा. ट्रॉलीचा भार हुकावर येत असेल तर पुढचा भाग आधीच हलका झालेला असतो, हे ध्यानात ठेवा. रुतलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढा, त्यात कमीपणा नाही.

दोन्ही ट्रॅक्टर ४५ एचपीचे, तरी एक रोटाव्हेटरवर दबतो आणि एक दबत नाही. असं कसं?

इथे टॉर्कला खरा मान आहे. ४५ एचपी हा आकडा एकाच आरपीएमचा, समजा २०००. कडक ढेकूळ आलं, आरपीएम १३०० वर पडलं, तेव्हा इंजिन किती देतं हे तो आकडा सांगत नाही. एकाचा टॉर्क तिथे १७० पर्यंत वाढतो, दुसऱ्याचा १९० पर्यंत. १९० म्हणजे १५८ च्या वीस टक्के वर. याला टॉर्क बॅकअप म्हणतात. जास्त बॅकअपचं इंजिन दबतं, पण दात धरून उभं राहतं आणि ढेकूळ फुटलं की परत वर येतं. अथणी-चिकोडीच्या काळ्या, वाळून दगड झालेल्या रानात हा फरक सीटवर बसल्या बसल्या कळतो.

दुसरं, पीटीओचं, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचं, एचपी वेगळं विचारा. रोटाव्हेटर पीटीओवर चालतो आणि इंजिनाचं सगळं एचपी तिथपर्यंत पोचत नाही. ४५ मधले ३८ पोचले आणि पीटीओ ५४० आरपीएमला फिरला, तर शाफ्टवर ४९४ न्यूटन मीटर. शाफ्टजवळ लुंगी, टॉवेल, ओढणी घेऊन कोणी का जाऊ नये ते या आकड्यावरून कळावं.

जाता जाता: ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले, तसे इंजिन महाग झाले. पन्नासच्या जरा खालची इतकी मॉडेलं बाजारात का दिसतात, त्याचं एक कारण हे. तिथे एचपी सारखंच असतं, म्हणून टॉर्क आणि बॅकअप हेच विचारायचे आकडे.

डिझेलला टॉर्क जास्त का? लाँग स्ट्रोकमुळे ना?

लाँग स्ट्रोकचं श्रेय लोक फार देतात. दांड्याचा हात लांब झाला हे खरं, पण तेवढ्याच सीसीत स्ट्रोक वाढवला की पिस्टनचा घेर कमी करावा लागतो, आणि त्यावरचा एकूण जोर त्याच प्रमाणात घटतो. हिशोब बरोबरीत सुटतो. टॉर्क ठरतो तो सीसी आणि सिलिंडरमधल्या सरासरी दाबावर.

डिझेलमध्ये हा दाब चढा ठेवता येतो. आजकाल जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीला टर्बो असतो, तो हवा कोंबून भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं आणि दाब वाढतो, तोही कमी आरपीएमला. उलट डिझेल जळायला वेळ घेतं आणि भाग जड असतात, म्हणून इंजिन फार पळवता येत नाही. कमी फेऱ्या आणि मोठा टॉर्क, हा डिझेलचा स्वभाव. पेट्रोल तेच एचपी जास्त फेऱ्या मारून गाठतं.

आमच्या गुऱ्हाळावरचं जुनं ८ एचपीचं इंजिन अजून चालू आहे. नवं ८ एचपीचं छोटं पेट्रोल इंजिन चाललं असतं का?

जुनं लिस्टर पद्धतीचं इंजिन ८५० आरपीएमला ८ एचपी देतं, म्हणजे ६६ न्यूटन मीटर. नवं छोटं इंजिन ३६०० ला ८ एचपी, टॉर्क १५.६. मूळ पुली तशीच ठेवून नवं इंजिन बसवलं तर चरक चौपट वेगाने फिरू बघेल आणि इंजिन पहिल्याच मोळीला गप्प होईल. पुली बदलून वेग सव्वाचारपट उतरवला, की चरकावर टॉर्क तोच. कागदावर काम होतं.

तरी मी बदलणार नाही. जुन्याची दोन मोठी फ्लायव्हील जाड ऊस आला तरी वेग पडू देत नाहीत. ते रात्रंदिवस पूर्ण लोडवर चालायलाच बनवलेलं आहे. छोट्या इंजिनाच्या पाटीवरचं एचपी बऱ्याचदा जास्तीत जास्त किती, याचं असतं. सतत किती देईल, हा आकडा त्याहून कमी. घेताना तो विचारा.

नदीवरून पाणी उचलायला पाचची मोटर पुरेल की साडेसातची घ्यावी?

पाच एचपी म्हणजे सेकंदाला ३७५ किलो-मीटर. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पाण्याच्या वाट्याला २२५. एकूण उचल ३० मीटर असेल, पाइपमधलं घर्षण धरून, तर २२५ ÷ ३० = सेकंदाला साडेसात लिटर. तासाला २७,००० लिटर. एवढं पाणी तुमच्या रानाला पुरतंय का ते तुम्ही ठरवा.

नुसती मोठी मोटर बसवून पाणी वाढत नाही, कारण मोटर किती ओढेल ते पंप ठरवतो. पंप तोच, फेऱ्या त्याच, तर पाणीही तेच. उलट इंजिनावर चालणाऱ्या पंपाचा थ्रॉटल वाढवून फेऱ्या वीस टक्के वाढवल्या, तर लागणारं एचपी १.७३ पट होतं, कारण ते फेऱ्यांच्या घनाप्रमाणे चढतं. काळा धूर तिथून येतो.

कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, म्हणून कार्यक्षमता कोणी बघत नाही. पण पाइपचा व्यास एक माप मोठा घेतला तर घर्षण कमी होऊन तीच मोटर जास्त पाणी देते, आणि दिवसाला ठरावीकच तास थ्री-फेज मिळत असताना हा फायदा पिकाला दिसतो.

व्होल्टेज कमी असलं की मोटर गुणगुणते, फिरत नाही. बिघाड मोटरमध्ये का?

बहुतेक वेळा नाही. अशा मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट आले तर व्होल्टेज ८० टक्क्यांच्या खाली गेलं, टॉर्क मात्र ६३ टक्क्यांवर आला. सुरू होताना लागणारा टॉर्क मिळत नाही, मोटर जाग्यावर अडकते, करंट भरमसाट ओढते आणि वाइंडिंग तापून जळतं. पाइपवर उभ्या राहिलेल्या पोरासारखं टॉर्क आहे आणि काम शून्य, फरक एवढाच की इथे विजेचं सगळं उष्णतेत जातं. ऐन उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होतात तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटं सोडून स्टार्टर दाबा. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या करंटला बांधलेला ठेवा. तो सारखा पडतोय म्हणून तार टाकून बायपास केला, की रिवाइंडिंगवाल्याची सोय झाली.

कडबा कुट्टीला दोनच एचपी, तरी जाड ताटं सरासर कापते. कसं?

फ्लायव्हील. पातं ताटावर पडतं तो क्षण छोटा असतो, त्या क्षणाला लागणारं एचपी दोनाहून कितीतरी जास्त. मधल्या रिकाम्या वेळात मोटर चाकात शक्ती साठवते आणि घाव बसताना चाक ती देतं. म्हणूनच मोटर बंद केली तरी चाक बराच वेळ फिरतं, आणि हात जाण्याचे अपघात बऱ्याचदा तेव्हाच होतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे याच गावात कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला हलला. या यंत्राचं आणि आपल्या गावाचं नातं तेवढं जुनं.

इलेक्ट्रिक रिक्षा, स्कूटरला गिअर नसतो, तरी चढावर उचलते कशी?

मोटरला शून्य फेऱ्यांवरही पूर्ण टॉर्क देता येतो. इंजिन एका ठरावीक आरपीएमच्या खाली चालूच राहत नाही, म्हणून त्याला क्लच आणि गिअर लागतात. पत्रकावर दोन आकडे असतात: थोड्या सेकंदांसाठीचे किलोवॅट आणि सततचे किलोवॅट. लांब घाटात सततचा आकडा कामाला येतो.

पीएस, बीएचपी, किलोवॅट, कुठला खरा?

सगळे खरे. ७५ किलो-मीटरचं एचपी किंवा पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, वॉटचं मूळ एचपी ७४६ वॅट. दीड टक्क्याचा फरक, त्यावर डोकं फोडू नये. बीएचपी म्हणजे ब्रेक लावून मोजलेलं एचपी, ते शेवटच्या प्रश्नात येईल. जुन्या पुस्तिकेत टॉर्क किलो-मीटरमध्ये असेल तर ९.८१ ने गुणून न्यूटन मीटर काढा.

डिझेल कशावर जळतं, टॉर्कवर की एचपीवर?

कामावर. एचपी गुणिले तास. ४५ एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण दहा लिटरच्या आसपास पितं. डिझेलमधल्या शक्तीचा तिसरा हिस्सा शाफ्टवर येतो, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सर घेऊन जातात. हलक्या कामाला मोठा ट्रॅक्टर लावला तर तो नुसता स्वतःला फिरवायलाच बरंच डिझेल खातो. हलकं काम असेल तर वरचा गिअर टाका आणि थ्रॉटल कमी ठेवा.

आमच्या इंजिनाचं एचपी आम्हाला मोजता येईल का?

एक सिलिंडरचं शेतीचं इंजिन असेल तर येतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये पोरं करतात तीच पद्धत. फ्लायव्हीलवर किंवा ब्रेकच्या चाकावर दोर गुंडाळायचा. एका टोकाला वजन टांगायचं, दुसरं टोक स्प्रिंगच्या काट्याला. इंजिन चालू करून आरपीएम मोजायचं. चाकाची त्रिज्या, दोराची अर्धी जाडी धरून, ०.१५ मीटर, वजन १८ किलो, काटा २ किलो दाखवतोय. निव्वळ १६ किलो. १६ × ९.८१ × ०.१५ = २३.५ न्यूटन मीटर. आरपीएम १५०० असेल तर ७०२४ ने भागून पाच एचपी. बीएचपीमधला ब्रेक तो हाच.

वजन थोडं थोडं वाढवत न्या. काळा धूर दिसला किंवा फेऱ्या पडायला लागल्या की तिथे थांबा, त्याच्या आधीचा आकडा खरा. वजनाच्या टोकाला जमिनीशी ढिली साखळी बांधा, म्हणजे दोर अडकला तर वजन भिरकावलं जाणार नाही. आणि हे पाच एचपी, म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास, सगळेच्या सगळे चाकाच्या कडेवर उष्णता होऊन उतरतात, तेव्हा एक माणूस पाणी ओतायला उभा ठेवा. नाहीतर आधी दोराचा वास येतो आणि मग दोर तुटतो.